सरोवराकाठचा बंगला



यहुदी म्हटले की आपणां मराठी माणसांच्या डोळ्यांपुढे कोकणातले बेने इस्रायल, आपले शनवार तेली, उभे राहतात. ते येथे शेजारी म्हणून नांदले. यहुदी म्हणून त्यांच्या जिवावर कोणी उठले नाही. युरोपात मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुमारे ६० लक्ष यहुदी ठार केले गेले. ज्या जागी हे घडले किंवा ठरले, त्या जागांचे पुढे काय झाले? त्यांपैकी एका जागेची हकीकत आज सांगावयाची आहे.

अशी जागा म्हटली की तारेचे कुंपण आठवते. पोलंडातील ट्रेब्लिंका येथे आठ लक्षांच्या आसपास माणसे मारली, आणि १९४३ साली जर्मनांनी इमारती पाडून, जमीन नांगरून तेथे शेतकऱ्याचे घर उभे केले. पाहावयास काही उरलेच नव्हते. म्हणून १९६४ साली स्मारक झाले ते नुसत्या उभ्या दगडांचे, सुमारे १७ हजार दगडांचे. मी सांगतो ती जागा याच्या अगदी उलट. तेथे काहीच पाडलेले नाही, आणि ती सुंदर आहे.

बर्लिनच्या एका टोकाला वान्झे नावाचे सरोवर आहे. त्याच्या काठी एका श्रीमंत कारखानदाराने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बांधलेला बंगला आहे. २० जानेवारी १९४२ रोजी तेथे पंधरा अधिकारी जमले. यहुद्यांची कत्तल अगोदरच सुरू झाली होती. आता निरनिराळ्या खात्यांनी एकमेकांच्या हाताला हात लावून ती सबंध युरोपभर कशी पार पाडावी, एवढाच प्रश्न होता. हायड्रिख अध्यक्ष होता, आइखमानने इतिवृत्त लिहिले. त्यात देशवार यादी आहे. तीत अल्बानियातले २०० यहुदीसुद्धा मोजलेले आहेत. एकूण बेरीज १ कोटी १० लक्षांच्या वर. ‘ठार मारणे’ हा शब्द मात्र नाही. ‘पूर्वेकडे रवानगी’ आहे. इतिवृत्ताच्या तीस प्रती निघाल्या. पैकी सोळाव्या क्रमांकाची तेवढी १९४७ साली परराष्ट्र खात्याच्या दप्तरात सापडली. बैठक जेमतेम दीड तास चालली असावी. जमलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जण डॉक्टरेट मिळविलेले होते. मास्तरकीचे प्रशिक्षण घेतलेल्या माझ्यासारख्याला हा तपशील यादीतल्या आकड्यांहून अधिक बोचतो.

युद्ध संपले. बंगला शाबूत होता, आणि १९५२ साली बर्लिनच्या नॉयकोल्न या कामकरी वस्तीच्या विभागाने तेथे शाळकरी मुलांसाठी सुटीतले वसतिगृह उघडले. पुढे छत्तीस वर्षे शहरातली मुले तेथे हवापालटास येत राहिली.

आता योझेफ वुल्फ यांच्याविषयी. हे गृहस्थ क्राकूव्हमध्ये वाढले, यहुद्यांच्या गुप्त प्रतिकारात सामील झाले, पकडले गेले आणि आउश्विट्झला गेले. १९४५ च्या जानेवारीत कैद्यांना पायी हाकलत नेत असता ते निसटले. पुढे बर्लिनमध्ये राहून त्यांनी नाझी कारभाराची कागदपत्रे गोळा करून ग्रंथामागून ग्रंथ प्रसिद्ध केले. साठच्या दशकात त्यांनी मागणी केली की हा बंगला कागदपत्रांच्या संग्रहासाठी आणि संशोधनासाठी द्यावा. पुतळा नको होता, संगमरवर नको होता; त्यांना कागद ठेवावयास जागा हवी होती, आणि ती त्याच घरात हवी होती.

उत्तर मिळाले, मुलांचे वसतिगृह कसे हलवावयाचे?

मंडळी, या उत्तराला मी झटकन हसणार नाही. आपल्या ट्रस्टनेही मुलांच्या राहण्याजेवणासाठी किती वर्षे दारोदार हिंडून वर्गणी जमविली, हे येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. गरिबाच्या मुलाची खोली काढून घेऊन तेथे कागदांची कपाटे ठेवा, असे कोणी म्हटले तर आपणही रागावू. पण वसतिगृह दुसऱ्या बंगल्यात होऊ शकते. सरोवराकाठी घरांचा तोटा नव्हता. ती बैठक मात्र दुसऱ्या घरात झालेली नव्हती. आणि मला वाटते, मुलांचे नाव पुढे करणाऱ्या साऱ्यांनाच मुलांची काळजी होती असे नाही. शहराच्या कारभाऱ्यांना त्या घराला ती आठवण चिकटावयास नको होती. मूल हे सोयीचे उत्तर होते.

वुल्फ यांची मागणी फेटाळली गेली. १९७३ साली त्यांची पत्नी वारली. १९७४ च्या ऑक्टोबरात त्यांनी स्वतःच्या हातांनी आयुष्य संपविले.

वसतिगृह १९८८ साली हलले. २० जानेवारी १९९२ रोजी, बैठकीस पन्नास वर्षे पुरी झाली त्या दिवशी, ते घर स्मारक म्हणून उघडले. ज्या भोजनगृहात बैठक झाली असे मानतात, तेथे आज ते इतिवृत्त वाचावयास मिळते. खिडकीबाहेर तीच बाग आणि तेच पाणी आहे. ग्रंथालयाला वुल्फ यांचे नाव दिले आहे.

तेथे शाळांच्या तुकड्या येतातच. पण सरकारी कर्मचारी, पोलीस, परिचारिका यांचेही स्वतंत्र वर्ग भरतात. आपापल्या पेशाने त्या काळात काय केले, कोणत्या कागदावर कोणी सही केली, हे ते त्या कागदांतूनच शोधतात. दिवसभर बसतात, आणि दुपारचा चहाही त्याच घरात घेतात.