मिरजेचा तंबोरा : माल कुठला, नाव कुणाचे?

सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात माझे एक स्नेही शाळामास्तर आहेत. गाण्याचा भारी नाद. पगारातून पैसे साठवून त्यांनी लांबच्या एका शहरातल्या दुकानातून तंबोरा घेतला. ‘अस्सल मिरजेचा’ म्हणून दुकानदाराने तो त्यांच्या हाती दिला. चार महिन्यांत दांडी वाकली, तारा बोलेनात. मास्तर तो घेऊन मिरजेच्या सतारमेकर गल्लीत गेले, मीही बरोबर होतो. म्हाताऱ्या कारागिराने तंबोरा उलटा केला, भोपळ्यावर टिचकी मारली आणि म्हणाला, “मास्तर, हा या गल्लीत आज पहिल्यांदाच येतोय.”

आम्ही हसलो. पण परतताना एक प्रश्न डोक्यात घोळत राहिला. मिरजेचा तंबोरा म्हणजे नेमके काय? कारण पाहा, त्यातला बहुतेक माल मिरजेचा नाहीच! भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भीमाकाठच्या रानातून. हा भाजीचा भोपळा नव्हे बरं का, कडू भोपळा, जाड सालीचा. दांडीला आणि वरच्या तबलीला तुणीचे लाकूड लागते, तेही बाहेरून येते. पॉलिशची लाख पूर्वेकडच्या जंगलांतली. तारांचे पोलाद तर कित्येकदा थेट जर्मनीतले असते. घोडीसाठी पूर्वी सांबरशिंग आणि हस्तिदंत वापरीत. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर ते दिवस सरले, आता लाकूड आणि उंटाचे हाड यांवर काम भागते.

दहा गावांचा माल एका जागी जुळवायचा, तर एक गाव अडले की सगळे अडते. मोठ्या कारखानदारीलाही हे चुकलेले नाही. संगणकात माहिती साठवणारी हार्ड डिस्क घ्या. तबकडी एकाची, ती फिरवणारी मोटर दुसऱ्याची. 2011 साली थायलंडमध्ये महापूर आला, तिथले कारखाने पाण्यात गेले, आणि जगभर डिस्कचे भाव चढले. आपल्याकडे भोपळ्याचे तसेच आहे. पीक वर्षातून एकदा. वेलावरच पाऊस झोडपून गेला तर पुढच्या हंगामापर्यंत हात बांधलेले.

त्यात मागणीची तऱ्हा निराळी. भोपळा हंगामात रोख मोजून घ्यावा लागतो, आणि गिऱ्हाईक येते कधी? आले तर दिवाळीनंतर, मैफलींच्या दिवसांत. मधले महिने पैसा माळ्यावर टांगलेला. ज्याच्या गाठीला त्या वेळी रक्कम, त्याला मोठा, गोल, निर्दोष भोपळा. बाकीच्यांनी उरलेल्यातून निवडायचे. शिवाय गवई काही ठोक माल मागत नाही. पुरुषाला काळी एकचा तंबोरा हवा, तर बाईला काळी चार-पाचचा. तारेची लांबी बदलली की दांडी बदलते आणि भोपळ्याचा घेरही. दुकानदार मात्र एकसारखे दहा नग मागतो आणि भाव पाडतो. 2020 साली करोनात मैफली बंद झाल्या तेव्हा दोन्हीकडचे दार लागले. आता तर मोबाईलमध्येच तंबोरा वाजतो. रियाज करणाऱ्या पोराला तो फुकट पडतो. त्याला दोष तरी कसा द्यावा?

मग मिरजेचे म्हणून राहिले काय? शंभर-पावणेदोनशे वर्षांपूर्वी तलवारींना पाणी देणारी शिकलगार मंडळी इथे होती. हत्यारांचे दिवस संपत आले. संस्थानात गवयांची वर्दळ होती, त्यांची वाद्ये दुरुस्त करता करता 1850 च्या सुमारास फरीदसाहेबांनी स्वतःच वाद्ये घडवायला घेतली. पुढे अब्दुल करीम खाँसाहेबांसारखे गवई इथेच राहिले. कारागिराला रोज ऐकणारे कान मिळाले. घोडीचा माथा कानशीने किती घासायचा, सुताचा धागा तारेखाली कुठे सरकवायचा, म्हणजे तार गुंजारव करील, ही जवारी. ती कागदावर लिहून देता येत नाही. या परंपरेच्या विद्येला पेटंटही मिळत नाही, आपला 1970 चा कायदाच तसे सांगतो.

मिळते ते भौगोलिक मानांकन. सातारकरांना हे नवे नाही. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला आणि कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला ते पूर्वीच मिळाले, सांगलीच्या हळदीलाही. मिरजेची सतार आणि तंबोरा यांना 2024 साली मिळाले. पण हे नीट समजून घ्या. मानांकन नावाला मिळते, वस्तूच्या रचनेला नाही. उद्या कुणीही, कुठेही, हुबेहूब तंबोरा बनवू शकतो. त्याला ‘मिरजेचा’ एवढे म्हणता येत नाही. आणि मिरजेतल्या कारागिरालाही आपोआप हक्क मिळत नाही, त्याला अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंद करावी लागते. दर दहा वर्षांनी मानांकनाचे नूतनीकरण आलेच.

मला वाटते, घेवड्याचे त्या मानाने सोपे आहे. कोरेगावची जमीन कुठे उठून जात नाही. कारागिराचा मुलगा मात्र पुण्याला नोकरीला जातो. नाव नोंदवहीत दहा वर्षे सुरक्षित, आणि जवारी करणारा हात घरी नाही, असे झाले तर ती नोंद कशाला? म्हणून शाळेसाठी वाद्य घेणाऱ्या शिक्षकांनी दुकानात ‘मिरजेचा आहे का’ एवढेच विचारू नये. कुणी केला, त्याचे नाव विचारावे, त्याची नोंद आहे का हेही विचारावे. मधला माणूस ते नाव झाकून ठेवतो तोवर भाव कारागिराच्या हाती येत नाही.

मास्तरांच्या तंबोऱ्याचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. म्हाताऱ्याने दोन दिवस ठेवून घेतला. दांडी जमेल तेवढी सरळ केली, जवारी काढली. षड्ज लागला तसे मास्तर खूश झाले, म्हणाले, “आता तुमच्या नावाची चिठ्ठी लावा की यावर.” म्हाताऱ्याने मान हलवली, पावतीपुस्तक ओढले आणि त्यावर लिहिले : फक्त जवारी व दुरुस्ती.