तोंडी नको, लेखी अर्ज द्या
(पाड्यावरच्या बैठकीतलं भाषण)



२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, ऐन मोहाच्या दिवसांत. बाजार बंद, एसटी बंद, उपकेंद्राला कुलूप. बाळंतीण बाईला आपण झोळीत घालून नेली. पुढं लस आली, तर म्हणाले, लस नाही तर रेशन नाही. आपण साहेबाला तोंडी सांगितलं. साहेब म्हणाले, बघतो. अजून बघतायत.

लस वाईट नाही. मी घेतली, आजीलाही दिली. पण धान्य अडवून सुई टोचायची, हे चालणार नाही. २ मे २०२२ ला सुप्रीम कोर्टानंही सांगितलं, लस घ्यायला कोणाला भाग पाडता येत नाही.

म्हणून आता आमदाराला लेखी अर्ज. घटनेचं कलम ३५० सांगतं, गाऱ्हाणं राज्यात चालणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतं. इंग्रजी नको, वकील नको.

मागण्या तीनच. उपकेंद्रात नर्सबाई कायम पाहिजे. साथ आली तरी रेशन कोणत्याच कारणानं अडवायचं नाही. औषधाची, लसीची माहिती आधी आपल्या बोलीत, ग्रामसभेत द्यायची.

ग्रामसभेचा ठराव जोडा. सही येत नसेल तर अंगठा लावा. प्रती दोन करा, एकीवर शिक्का आणि तारीख घ्या. वनहक्काच्या दाव्याची पोच ज्यांनी घेतली नाही, ते अजून हेलपाटे घालतायत, विसरू नका.

साथ परत येईल तेव्हा आपल्या हातात कागद पाहिजे.

जिंदाबाद!