दिव्याचे तेल आणि चांदीचा मुलामा
(महोत्सवाच्या व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



आम्ही निवडलेला विषय आपणांपैकी काहींस विचित्र वाटेल. अठराव्या शतकात इंग्लंडच्या बाजारात दिव्याचे तेल आणि मुलाम्याची भांडी पुरविणारे लोक आपला धंदा कसा करीत, हे आज सांगावयाचे आहे. हे दोन्ही जिन्नस असे, की गिऱ्हाइकास त्यांची पुरती पारख दुकानात होत नाही. भांड्याच्या पोटात काय आहे ते झिजल्यावर कळते. तेल कसे आहे ते रात्री दिवा लावल्यावर कळते. सबब हा व्यापार विकणाऱ्याच्या शब्दावर चाले. तो शब्द कोठे राखला गेला आणि कोठे उणा पडला, एवढेच आम्हांस दाखवावयाचे आहे.

प्रथम मुलाम्याकडे वळू. आपल्याकडे तयार भांड्यावर सोन्यारुप्याचा पातळ थर देतात. शेफील्डची रीत याहून निराळी होती. तेथील टॉमस बोल्सओव्हर नामक सुऱ्या करणाऱ्या कारागिरास सन १७४३ च्या सुमारास असे आढळले, की तांब्यावर चांदी ठेवून दोन्ही एकत्र तापविली असता ती एकजीव होतात, आणि मग लाटून कितीही पातळ पत्रा केला तरी सुटत नाहीत. त्याने या पत्र्याच्या गुंड्या केल्या. पुढे जोसेफ हॅन्कॉकने त्याचीच शमादाने व कॉफीची भांडी घडविली. अस्सल चांदी ज्यांस परवडत नसे, अशा मध्यम स्थितीच्या कुटुंबांच्या मेजावर ही भांडी आली. कडेला तांबे दिसू नये म्हणून कारागीर तेथे चांदीची तार बसवू लागले. तरीही वर्षानुवर्षे घासून अखेर तांबूस रंग डोकावेच.

यात फसवणूक होती काय? विकणारा मुलाम्यास मुलामा म्हणे तोवर मुळीच नव्हती. परंतु मुलाम्याच्या मालावर चांदीच्या सरकारी छापासारखे दिसणारे छाप उमटू लागले, तेव्हा प्रश्न उभा राहिला. सन १७७३ मध्ये चांदीचा कस पाहण्यासाठी शेफील्ड व बर्मिंगहॅम येथे कचेऱ्या स्थापन झाल्या, आणि मुलाम्याच्या मालावर असे छाप मारण्यास मनाई झाली. सन १७८४ च्या कायद्याने शेफील्डपासून १०० मैलांच्या आतील कारखानदारांस आपले नाव व खूण नोंदवून ती मालावर उमटविण्याची मोकळीक मिळाली. बर्मिंगहॅमचा प्रख्यात कारखानदार मॅथ्यू बोल्टन याने दोन सूर्यांची खूण घेतली. तेथील कचेरी व्हावी म्हणून खटपट करणाऱ्यांत तोच अग्रेसर होता. ज्याला आपल्या मालाची लाज वाटत नाही, तो त्यावर आपली खूण उघडपणे उमटवितो, हे येथे ध्यानात घ्यावे.

आता तेलाकडे येऊ. सन १७३६ च्या कायद्याने लंडन शहरास दिव्यांसाठी कर बसविता आला, आणि रात्रभर दिवे जळू लागले. त्यांस तेल लागे ते बहुतांशी देवमाशाचे. त्यातही प्रकार होते. साध्या देवमाशाच्या चरबीचे तेल स्वस्त, पण त्यास दर्प असे व धूर होई. स्पर्म जातीच्या देवमाशाचे तेल महाग, पण त्याची ज्योत स्वच्छ व तेजस्वी. अमेरिकेच्या किनाऱ्याजवळील नॅन्टकेट बेटावरचे खलाशी या माशाच्या शिकारीत निष्णात होते, आणि त्यांचे मोठे गिऱ्हाईक लंडनच होते.

अमेरिका स्वतंत्र झाल्यावर हा संबंध तुटला. सन १७८३ मध्ये विल्यम रॉच या नॅन्टकेटच्या व्यापाऱ्याचे 'बेडफर्ड' जहाज तेल घेऊन लंडनास आले. पण त्याच वर्षी इंग्लंडने परक्या तेलावर टनास १८ पौंड ३ शिलिंग जकात बसविली. सन १७८५ मध्ये अमेरिकेचे वकील जॉन अ‍ॅडम्स यांनी पंतप्रधान पिट यांची पुष्कळ मनधरणी केली. हे उत्तम तेल नाकाराल तर तुमचे रस्ते अंधारात राहतील आणि चोरांचे फावेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो व्यर्थ गेला, आणि रॉच फ्रान्समधील डंकर्क येथे जाऊन धंदा करू लागला. इकडे इंग्लिश जहाजे तेलासाठी दूरदूर जाऊ लागली. 'एमिलिया' हे जहाज सन १७८९ मध्ये केप हॉर्नला वळसा घालून प्रशांत महासागरात शिकारीस पोहोचले. लंडनच्या एका ज्योतीसाठी माणसे पृथ्वीच्या पलीकडल्या अंगास आपला जीव धोक्यात घालीत होती.

तेल आणि मुलामा हे दोन्ही व्यापार एका दिव्यात एकत्र आले. जिनीव्हाचा एमे आर्गां याने पोकळ नळीसारखी वात योजिली, जेणेकरून ज्योतीस आतून व बाहेरून दोहोंकडून हवा मिळावी, आणि भोवती काच बसविली. या दिव्याचा प्रकाश सहा ते दहा मेणबत्त्यांइतका पडे. सन १७८४ मध्ये त्याने इंग्लंडात या शोधाचा हक्क नोंदविला, आणि बोल्टनच्या कारखान्यात दिवे होऊ लागले. त्यांत मुलाम्याचेही होते. परंतु सन १७८६ मध्ये न्यायालयाने तो हक्क रद्द ठरविला, आणि कोणीही तसा दिवा करू लागला. फ्रान्समध्ये तर तो क्विंके या दुसऱ्याच मनुष्याच्या नावाने प्रसिद्ध झाला. घरोघरी उजेड देणारा आर्गां सन १८०३ मध्ये दारिद्र्यात वारला.

बंधुभगिनींनो, भांड्यावरील खोट्या छापास कायद्याने आळा घालता आला. पण दिव्याच्या किमतीत खलाशाच्या जिवाचे मोल धरले गेले नाही, शोधकाच्या श्रमाचेही नाही. आणि घेणाऱ्यानेही ते विचारले नाही. विकणाऱ्याने आपला माल जसा आहे तसा सांगावा, हे त्याचे कर्तव्य. परंतु जी वस्तू आपणांस स्वस्त मिळते, तिची उरलेली किंमत कोण भरीत आहे, हे विचारणे घेणाऱ्याचे कर्तव्य होय. आपल्या पंचक्रोशीत विकणारेही आहेत आणि घेणारेही आहेत. दोघांनी आपापला भाग सांभाळावा, एवढीच विनंती.