सूनबाईंच्या एम.ए.चं कर्ज

हरिहरेश्वरहून आम्ही बचत गटांच्या बाया बोलतोय. मागच्या वेळी आपण आमसुलं कशी वाळवायची आणि पाकिटात कशी भरायची ते बोललो होतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. आश्रमशाळेत शिकवणाऱ्या बाईंनी नोकरी सांभाळून पुढे एम.ए. करावं का, आणि त्यासाठी गटाने पैसे द्यावेत का? तुम्ही म्हणाल, शिकलेल्या बायकांचा प्रश्न आपल्या गटात कुठून आला? तो आला कर्जाच्या अर्जातून.

आमच्या एका गटात एक काकी आहेत. घरी दोन खोल्या पर्यटकांना देतात, सणासुदीला मोदकांच्या ऑर्डरी घेतात. त्यांची सून आपल्याच जिल्ह्यातल्या एका आश्रमशाळेत शिकवते. बी.ए., बी.एड. झालेली आहे. राहायला तिकडेच, पंधरा दिवसांनी घरी येते. काकींनी सभेत अर्ज ठेवला. रक्कम 12,000 रुपये, कारण लिहिलं होतं, ‘सूनबाईंचं एम.ए.’ लिहून घेणाऱ्या सचिव ताईंचं पेन थांबलं. आमच्या वहीत कर्जाची कारणं ठरलेली आहेत. धंदा, आजारपण, घरदुरुस्ती, मुलांचं शिक्षण. सुनेचं शिक्षण कुठल्या खान्यात घालायचं?

एक वहिनी लगेच म्हणाल्या, “तिला पगार आहे ना? मग आपल्या बचतीवर डोळा कशाला?” त्यांचं अगदीच चूक होतं असं नाही. गटात अशा बाया आहेत ज्या सुपारी सोलायला जाऊन महिन्याची बचत उभी करतात. पण त्या पगाराचंही समजून घ्यायला हवं. सून तासिका तत्त्वावर आहे. जेवढे तास घेतले तेवढे पैसे. उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे रिकामा हात, आणि जूनमध्ये पुन्हा बोलावतील की नाही याची काळजी. बाहेरून बघणाऱ्याला ती नोकरदार दिसते. काकींना विचाराल तर त्या सांगतील की मे महिन्यात घर खोल्यांच्या भाड्यावर चालतं.

आता आश्रमशाळा म्हणजे काय, ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्या रायगडात कातकरी आणि ठाकर वाड्या पुष्कळ आहेत. कातकरी समाजाची गणना सरकारने अतिमागास आदिम जमातीत केलेली आहे. दिवाळी झाली की वाडीतली बरीच घरं वीटभट्टीवर नाहीतर कोळसा पाडायला बाहेरगावी जातात आणि पावसाच्या तोंडाला परत येतात. आईबापांबरोबर पोरं गेली की शाळा सुटते. म्हणून राहण्या-जेवणाची सोय असलेली शाळा. काही शासनाच्या आहेत, काही संस्था अनुदानावर चालवतात. आपल्याकडच्या शाळांचा कारभार पेणच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे आहे.

गावातली शाळा सुटली की गुरुजी घरी जातात. निवासी शाळेतल्या बाईंचं तसं नसतं. अधीक्षिका वेगळी असते हे खरं, पण ती रजेवर असली किंवा जागा रिकामी असली तर तिचं कामही बाईंच्याच गळ्यात. पहाटे मुलींना उठवायचं, केसांत उवा आहेत का बघायचं, संध्याकाळी अभ्यासिका, रात्री हजेरी. कोणाला ताप आला, कोणाला पहिल्यांदा पाळी आली, कोणी घरच्या आठवणीने जेवत नाही, हे सगळं बाईंपाशीच येतं. काकींची सून म्हणते, “आई, मी तिथे अर्धी शिक्षिका आणि अर्धी आई.” अशा बाईने एम.ए.चा अभ्यास कधी करायचा? रात्री हजेरी झाल्यावर, दहाच्या पुढे.

सभेत खरी भीती पैशांची नव्हती. ती अनुभवाची होती. दोन वर्षांपूर्वी आमच्याच एका सभासदाच्या मुलीला कोणीतरी सांगितलं, घरबसल्या पदवी मिळते, परीक्षेला नुसतं नाव घालायचं. 15,000 रुपये घेतले आणि पावती दिली साध्या कागदावर. पुढे फोन बंद. ते कर्ज गटातूनच गेलं होतं आणि त्याचे हप्ते ती मावशी अजून फेडते आहे. त्यामुळे ‘बाहेरून पदवी’ म्हटलं की आमच्या बाया दचकतात. त्या दिवशीही ती मावशी खाली मान घालून बसली होती. तिच्याकडे कोणी बघत नव्हतं आणि सगळ्यांना तीच दिसत होती.

म्हणून आम्ही ठरवलं, आधी चौकशी, मग ठराव. अर्ज एक महिना पुढे ढकलला. त्या महिन्यात जे कळलं ते तुम्हालाही उपयोगी पडेल.

नोकरी सोडायला न लागता शिकायचं तर मुक्त विद्यापीठ हा मार्ग आहे. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 सालचं आहे. तिथे मराठीतून शिकता येतं आणि पुस्तकं अशी लिहिलेली असतात की घरी एकटीने वाचून समजावीत. दुसरं इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, 1985 सालचं, ज्याला लोक इग्नू म्हणतात. त्यांचे प्रवेश जानेवारी आणि जुलै असे दोनदा होतात आणि शिक्षणशास्त्राचं एम.ए. आहे, पण माध्यम इंग्रजी किंवा हिंदी. अनुदान आयोगाची मान्यता असलेल्या मुक्त विद्यापीठाची पदवी नेहमीच्या कॉलेजच्या पदवीइतकीच धरली जाते. आयोगाचा दूरशिक्षणासाठी वेगळा विभाग आहे. कुठल्या विद्यापीठाचा कुठला अभ्यासक्रम कोणत्या वर्षासाठी मान्य, ती यादी तो विभाग जाहीर करतो. मैत्रिणींनो, यादीत विद्यापीठाचं नाव आहे एवढ्यावर थांबू नका. आपला अभ्यासक्रम आहे का आणि आपलं वर्ष आहे का, ते बघा. फी विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच भरायची. मधल्या माणसाच्या हातात रोख पैसे द्यायचे नाहीत, तो कितीही ओळखीचा असो. ही गोष्ट सभेत वाचून दाखवली तेव्हा ती मावशी पहिल्यांदा बोलली. म्हणाली, “हे मला दोन वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर.”

आणखी एक. नोकरीत कायम असाल तर प्रवेश घेण्याआधी मुख्याध्यापकांमार्फत लेखी परवानगी मागा. नाहीतर पदवी हातात येते आणि सेवापुस्तकात नोंद करताना अडचण होते. तासिकेवर असाल तरी अर्जाची पोच घेऊन ठेवा. पुढे परीक्षेची रजा मागताना तो कागद कामाला येतो.

एम.ए. करून मिळणार काय, हे काकींनी सुनेला स्पष्ट विचारलं. तिनेही स्पष्ट सांगितलं, “आई, नोकरी पक्की होईल असं मी म्हणत नाही. पण अकरावी-बारावीला शिकवायचं तर त्या विषयाचं एम.ए. किमान 50 टक्क्यांनी आणि बी.एड., दोन्ही लागतं. माझ्याकडे एकच आहे. जागा निघतात तेव्हा मी अर्जसुद्धा करू शकत नाही.” कायम शिक्षिकांचं गणित वेगळं असतं. त्यांना 24 वर्षांनंतरच्या निवड श्रेणीसाठी वाढवलेली शैक्षणिक पात्रता मोजली जाते. म्हणून कोणता विषय घ्यायचा हे आपण कुठे उभ्या आहोत त्यावरून ठरवावं. बारावीला मराठी शिकवायचं असेल तर मराठीचं एम.ए. हवं, तिथे शिक्षणशास्त्राचं एम.ए. चालणार नाही. मुख्याध्यापकीकडे लक्ष असेल तर शालेय व्यवस्थापनाची पदविका उपयोगी पडते. मैत्रिणीने घेतला म्हणून तोच विषय घेणाऱ्या पुष्कळ जणी आम्ही पाहिल्या. दोन वर्षं गेल्यावर त्यांना कळतं की हा विषय आपल्या कामाचा नव्हता. आमच्या काकींच्या सुनेने मराठी घेतलं.

पुढच्या सभेत पुन्हा चर्चा झाली. गटातल्या सर्वांत मोठ्या आजी, ज्या सहसा पानसुपारी खात गप्प बसतात, त्यांनी खाडीपलीकडची गोष्ट काढली. आपल्या बागमांडल्याहून फेरीबोटीने वेसवीला उतरलं की पुढे दापोली तालुक्यात मुरूड आहे, जंजिऱ्याचं नव्हे, समुद्रावरचं दुसरं मुरूड. महर्षी कर्वे तिथले. 1875 साली ते परीक्षेसाठी घाट चढून पायी साताऱ्याला गेले आणि वयाने लहान दिसतो म्हणून तिथे परीक्षेला बसू दिलं नाही. पुढे त्यांनी पुण्याजवळ हिंगण्याला विधवांसाठी राहण्याची शाळा चालवली. त्या शाळेत काम करणाऱ्या पार्वतीबाई आठवले देवरूखच्या, म्हणजे आपल्या कोकणातल्याच. विशीत विधवा झालेल्या. त्यानंतर शिकल्या, त्याच शाळेचा भार सांभाळला आणि 1918 साली, अठ्ठेचाळिशीच्या आसपास, इंग्रजी शिकायला अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी धुणीभांडी करून राहिल्या. आजी म्हणाल्या, “ती एवढी लांब गेली, आणि आपण सहा हजारांवर अडलोय.”

आम्हाला मात्र अनुताई वाघांचं उदाहरण जास्त जवळचं वाटतं. त्याही बालविधवा, शिक्षिका. ताराबाई मोडकांबरोबर आधी बोर्डीला आणि मग डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी बालवाडी चालवली. 1985 साली त्यांना पद्मश्री मिळाली, ते सगळ्यांना ठाऊक असतं. पण नोकरी करता करता रात्रशाळेत बसून त्या मॅट्रिक झाल्या आणि पदवी त्यांनी 1961 साली, वयाच्या 51 व्या वर्षी घेतली, हे फारसं कोणी सांगत नाही. तोवर पाड्यावरच्या मुलांना शिकवण्यात त्यांची कितीतरी वर्षं गेली होती. पदवीवाचून त्यांचं काही अडलं नव्हतं, तरी त्या परीक्षेला बसल्या.

ठराव झाला. वहीत नवा खाना आला, ‘सभासद किंवा सुनेचं शिक्षण’. 12,000 एकदम द्यायचे नाहीत. पहिल्या वर्षाला 6,000, आणि पहिल्या वर्षाचा निकाल बघून दुसऱ्या वर्षाला 6,000. फी, पुस्तकं, येण्याजाण्याचं भाडं सगळं त्यातच बसवायचं. आमचं नेहमीचं व्याज महिना 2 टक्के आहे. या कर्जाला 1 टक्का. महिना हजाराचा हप्ता, म्हणजे सहा महिन्यांत मुद्दल फिटतं आणि व्याज 420 ऐवजी 210 रुपये होतं. ज्या वहिनींनी विरोध केला होता त्यांनीही अंगठा नाही, सही केली. त्या नुकत्याच सही शिकल्या आहेत.

पुढचं सगळं सुरळीत झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल. अभ्यास केंद्राचे वर्ग शनिवार-रविवारी, आणि आपल्याकडे शनिवार-रविवार म्हणजे देवळाच्या रांगा आणि भरलेल्या खोल्या. सून घरी आली तरी सासूला हात लावू शकत नव्हती. काकी दोन-तीनदा आमच्याकडे येऊन चिडल्या. एका परीक्षेच्या आदल्या रात्री वसतिगृहात चौथीतल्या मुलीला ताप चढला, अधीक्षिका रजेवर होती, तालुक्याच्या दवाखान्यात तिला घेऊन जायला सूनच गेली. सकाळी पेपर चुकला. तिने मुलीला दवाखान्यात नेलं म्हणून कोणी तिचा पेपर परत घेतला नाही आणि शाळेत कोणी शाबासकीही दिली नाही. आम्ही तिला विचारलं, वाईट वाटलं का? म्हणाली, “वाटलं. पण पेपर पुन्हा देता येतो.”

एक चांगलंही झालं. मराठीच्या अभ्यासात बोलीभाषांचा भाग आहे. स्वाध्याय लिहायचा होता, तर तिने शहरातल्या पुस्तकांत शोधण्याऐवजी संध्याकाळच्या अभ्यासिकेत मुलींनाच विचारलं, धड्यातल्या या वस्तूला तुमच्या वाडीत काय म्हणतात? कातकरी बोली मराठीच्या जवळची, पण आपली पुस्तकी मराठी त्या पोरींना परकीच. वर्गात ज्या तोंड उघडत नाहीत त्या एकमेकींच्या वरताण सांगू लागल्या. दिवाळीनंतर आईबाप भट्टीवर गेल्यापासून जी एक मुलगी कोणाशी बोलत नव्हती, तिने दगडाखालचा खेकडा कसा धरायचा ते हातवारे करून सांगितलं. सूनबाईंनी ते शब्द एका जुन्या वहीत लिहून ठेवले. ती वही काकींनी सभेत आणली होती. आम्ही पानं उलटून पाहिली. एका पानावर शब्दाशेजारी मुलीनेच खेकड्याचं चित्र काढलं होतं.

पहिल्या वर्षाचे बाकीचे पेपर ती पास झाली आहे. पहिले सहा हजार वेळेवर फिटले, एकच हप्ता गणपतीत पुढे गेला. दुसऱ्या वर्षाच्या सहा हजारांचा ठराव येत्या सभेत येणार आहे. राहिलेला पेपर ती या हिवाळी परीक्षेला देईल. त्या आठवड्यात काकींच्या घरच्या मोदकांची पाळी कोणी घ्यायची ते मात्र अजून ठरायचं आहे. आतापर्यंत दोघींनी नावं दिली आहेत. त्यांतली एक ती मावशी आहे.