खेळणारा आणि खेळ घडविणारा
(युवा मेळाव्यातील व्याख्यान)



पेढीवर बसणाऱ्या पित्यास मुलाने सांगितले, "मला व्हिडिओ गेमचा प्रोग्रॅमर व्हायचे आहे," की घरात वादास तोंड फुटते. पित्यास वाटते, हा जन्मभर खेळतच बसणार. मुलास वाटते, खेळता येते म्हणजे खेळ घडविताही येईल. दोघांचीही समजूत अपुरी आहे. जपानच्या सातोरू इवाता यांचे चरित्र दोघांचेही डोळे उघडणारे आहे.

इवाता यांचा जन्म १९५९ साली साप्पोरो येथे झाला. शाळेत असताना त्यांच्या हाती प्रोग्रॅम लिहिता येणारा कॅल्क्युलेटर आला. त्यावर चित्रे नव्हती, केवळ आकडे उमटत. त्या आकड्यांतूनच त्यांनी खेळ रचले आणि शेजारच्या बाकावरील मित्रास खेळावयास दिले. पुढे टोकियोत अभियांत्रिकी शिकताना सुटीच्या दिवशी ते एका मोठ्या दुकानातील संगणक विभागात रमत. तेथील परिचितांतूनच १९८० साली 'हॅल' ही छोटी कंपनी उभी राहिली. १९८२ साली पदवी घेऊन ते तेथेच रुजू झाले. मुरोरान शहराचे महापौरपद भूषविलेल्या वडिलांना हा निर्णय मुळीच रुचला नाही. त्यांनी मुलाशी कित्येक महिने अबोला धरला.

१९९३ साली, कंपनी कर्जात बुडालेली असताना, इवाता अध्यक्ष झाले. सुमारे दीड अब्ज येनांचे कर्ज त्यांनी काही वर्षांत फेडले. त्याच सुमारास 'मदर २' नावाचा खेळ चार वर्षांनंतरही रखडला होता. इवाता यांनी स्पष्ट सांगितले, "आहे तेच दुरुस्त करीत बसल्यास दोन वर्षे लागतील, नव्याने लिहिल्यास सहा महिने." खेळ नव्याने लिहिला गेला आणि १९९४ साली बाजारात आला. २००२ साली ते निन्टेन्डो या विख्यात कंपनीचे अध्यक्ष झाले. २०१५ साली त्यांचे निधन झाले.

यातून तयारीचा मार्ग दिसतो. पडद्यावर सेकंदास ६० चित्रे दाखवावयाची, तर एका चित्राच्या सर्व गणितास १७ मिलिसेकंदही मिळत नाहीत. चेंडू कोठे आदळेल, सावली कोठे पडेल, हे त्रिकोणमिती, सदिश आणि भौतिकशास्त्र यांवरून ठरते. म्हणून गणित टाळून हा मार्ग नाही. सी प्लस प्लस अथवा सी शार्प यांपैकी एक भाषा पक्की करावी. प्रथम अगदी लहान खेळ हाती घ्यावा, पण तो पूर्ण करावा, इतरांस खेळावयास द्यावा आणि त्यांनी दाखविलेल्या चुका सुधाराव्यात. दहा अर्धवट खेळांपेक्षा एक पूर्ण खेळ अधिक शिकवितो.

धोकाही झाकून ठेवू नये. २०२३ आणि २०२४ या वर्षांत जगभर या व्यवसायातील हजारो नोकऱ्या गेल्या. म्हणून संगणकशास्त्राची सर्वांगीण पदवी घ्यावी. हे दार बंद झाले, तरी त्या पदवीमुळे इतर सॉफ्टवेअर क्षेत्रांची दारे उघडी राहतात.

आता अहिंसेचा प्रश्न. अनेक खेळांत बंदूक आणि रक्तपात असतो, हे नाकारता येत नाही. परंतु इवाता यांच्याच कारकिर्दीत बुद्धीला चालना देणारा 'ब्रेन एज' २००५ साली आणि आजोबा-नातवंडांनी एकत्र खेळावा असा 'वी स्पोर्ट्स' २००६ साली आला. नोकरी स्वीकारण्यापूर्वीच, आपल्या हातून काय घडणार आहे, हे विचारण्याचा विवेक युवकाने बाळगावा. धंदा निवडताना श्रावक जो निकष लावतो, तोच येथेही लागू आहे.

पालकांनी अबोला धरू नये आणि डोळे झाकून फीही भरू नये. कापड हाताळल्यावाचून व्यापारी सौदा करीत नाही. त्याचप्रमाणे मुलास एवढेच म्हणावे, "तू काय खेळलास ते नको, तू काय घडविलेस ते दाखव." मुलाने काही दाखविले, तर दोन घटका त्याच्याजवळ बसावे आणि तो खेळ स्वतः खेळून पाहावा.