अर्ध्या डोळ्याचा उपयोग काय?



अकोल्यास असतां एका विद्यार्थ्यानें मला विचारलें, "गुरुजी, डोळा जर हळूहळू घडत गेला, तर अर्ध्या डोळ्याचा उपयोग काय?" मीं त्यास दटावून खालीं बसविलें, कारण उत्तर मजजवळ नव्हतें. तें ऋण आज फेडावयाचें आहे.

प्रश्न क्षुल्लक नव्हे. १८५९ सालच्या ग्रंथांत डार्विननें स्वतःच ही अडचण मांडली, आणि डोळा पायरीपायरीनें घडला असावा असें सुचविलें. त्या पायऱ्या पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांत आजही दिसतात. आपल्या वऱ्हाडच्या काळ्या मातींतील गांडुळास डोळा नाहीं. परंतु त्वचेंतील प्रकाशग्राही पेशींमुळें त्यास उजेड कळतो, व तें बिळांत शिरतें. गोड्या पाण्यांतील प्लानेरिया ह्या चपट्या कृमीचा डोळा म्हणजे भिंग नसलेली वाटी. तरी उजेड कोणत्या बाजूचा, हें त्यास समजतें. गोगलगाईच्या शिंगाच्या टोकावरील डोळ्यांत तर भिंगही आहे.

अमरावती-अकोल्याच्या जुन्या वाड्यांतील तुळयांना भोंकें पाडणारा काळा भुंगा आपण पाहिला असेल. त्याच्या डोळ्यांत हजारों बारीक भिंगें असतात. त्याच्याच कुळांतील एक जात भीमाशंकरच्या अरण्यांत रात्रीं हिंडते. हेमा सोमनाथन, रेणी बोर्जेस व त्यांच्या स्वीडनमधील सहकाऱ्यांनीं २००८ सालीं दाखविलें कीं, आपणांस जेथें सारें करडें दिसतें, अशा ताऱ्यांच्या उजेडांतही हा भुंगा रंग ओळखतो. तेथील दिवसा हिंडणाऱ्या एका जातीहून ह्याचीं भिंगें मोठीं आहेत; घडण मात्र तीच. निसर्गानें जुनें मोडलें नाहीं, तेंच वाढविलें.

ह्या घडणीची किल्ली आनुवंशिक आहे. १९९५ सालीं बाझेल येथें वाल्टर गेरिंग व सहकाऱ्यांनीं फळमाशीचें 'आयलेस' नांवाचें जनुक तिच्या पायांत व पंखांत जागें केलें. तेथेंही डोळे उगवले! पुढें त्याजागीं उंदराचें तत्सम जनुक घातलें, तरी डोळा उगवला तो माशीचाच. म्हणजे किल्ली एक, कुलपें निरनिराळीं. आणि ती किल्ली माशी व उंदीर ह्या दोघांस समान पूर्वजाकडून मिळालेली.

तेव्हां, बाळ, तूं कोठें ऐकत असशील तर ऐक. गांडुळाचें पाहणें गांडुळाच्या संसारास पुरतें. त्यास अर्धें आपणच म्हणतों. तुझा प्रश्न योग्य होता. दटावणारा मात्र चुकला.