पाचवीच्या दिवशी बीपी मोजा
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)

विज्ञानाच्या सरांनी फळ्यावर 'संप्रेरके' असा मथळा लिहिला, तेव्हा मी तो धडा गुणांपुरता पाठ केला. त्याचा अर्थ कळला नोकरीच्या पहिल्या वर्षी, बाळंतपणाच्या खोलीत.

गरोदरपणात प्रोजेस्टेरॉनसारखी संप्रेरकं रक्तवाहिन्या सैल करतात, म्हणून मधल्या महिन्यांत रक्तदाब थोडा उतरतो. कळा सुरू झाल्या की अ‍ॅड्रेनॅलिनमुळे तो चढतो. गर्भाशय आवळतं ते ऑक्सिटोसिन. म्हशीनं पान्हा सोडावा म्हणून काही जण चोरून टोचतात, तेच हे. शिरेतून झटकन दिलं, तर दाब एकदम खाली येतो. मेथर्जिनचं उलटं. ते संप्रेरक नाही, औषध आहे. गर्भाशयाबरोबर रक्तवाहिन्याही आवळतं आणि दाब चढवतं.

त्या रात्री वार पडल्यावर एका बाईचं रक्त थांबेना. मी घाईनं मेथर्जिन भरलं. वयानं मोठ्या सिस्टरनी माझा हात धरला, "मॅडम, आधी बीपी बघा." १७०/११० होतं! ते इंजेक्शन गेलं असतं, तर झटके आले असते, कदाचित मेंदूत रक्तस्राव झाला असता. ऑक्सिटोसिन दिलं, पोट चोळलं, झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट दिलं. बाई वाचली, ती सिस्टरच्या त्या एका वाक्यामुळे. माझी पदवी तिथं कामाला आली नाही, हे आज गुरुजनांसमोर कबूल करते.

बाळ-बाळंतीण घरी आले म्हणजे धोका टळला, असं नाही. बाळंतिणीचा दाब तिसऱ्या ते सहाव्या दिवसात सगळ्यात जास्त चढू शकतो, म्हणजे नेमका पाचवीच्या सुमारास. घरात सटवाईची पूजा, पाहुण्यांची गर्दी. बाळंतीण म्हणते डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढं अंधारी येतेय. आपण म्हणतो, जागरण झालंय, दृष्ट काढा.

मित्रांनो, आता आपल्या लेकी-सुना बाळंत होण्याचं वय आहे. जिंतूर असो, पालम असो की पुणे, पाचवी जरूर पूजा. पण त्याआधी उपकेंद्रातल्या सिस्टरकडून बाळंतिणीचं बीपी मोजून घ्या. १४०/९० किंवा जास्त असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. १६०/११० असेल, डोकं ठणकत असेल, अंधारी येत असेल, तर लगेच १०८ ला फोन करा.

सर, तुमचा तो धडा आता खरा पाठ झालाय.